वाळवंटातील तळ्याकाठी घर घेताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 विषयाची निवड मंडळाने आमच्यावरच सोपविली होती. अशा प्रसंगी ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थ्यांचे शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च असे विषय परंपरेने घेतले जातात, आणि ते उचितही आहे. आज आम्ही मात्र वरकरणी दूरचा वाटणारा, परंतु आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या तिजोरीशी निगडित असलेला एक विषय आपल्यापुढे मांडणार आहोत. अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशात तळ्याकाठी घर किंवा भूखंड घेणे, हा तो विषय होय.

आपल्या ज्ञातीतील अनेक मुले-मुली आज दक्षिण कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडा या राज्यांत स्थायिक झाली आहेत. लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगो येथील घरांच्या किमती सामान्य नोकरदारास पेलवत नाहीत. अशा वेळी काही तासांच्या अंतरावर, निळ्याशार तळ्याच्या काठी, प्रशस्त घर निम्म्याहून कमी किमतीत मिळत असल्याची जाहिरात दृष्टीस पडते. चित्रात पाणी असते, नौका असते, मागे तांबूस डोंगर असतात. मुलगा इकडे वडिलांना कळवितो. वडील भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढतात, गावाकडील घराचा आपला हिस्सा विकतात, क्वचित प्रसंगी आईचे स्त्रीधनही त्यात पडते. म्हणजे व्यवहार तिकडे होत असला तरी त्यात गुंतलेला पैसा दोन पिढ्यांच्या कष्टाचा असतो. घर घेऊ नका, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. घर पाहावे बांधून, ही म्हण आपणा सर्वांस ठाऊक आहेच. वाळवंटात त्या म्हणीस आणखी एक कलम जोडावे लागते, ते असे की, तेथे मनुष्य जमीन घेत नसून पाणी घेत असतो. यास्तव समोर दिसणारे तळे कोणाचे, ते कोठून भरते आणि ते तसेच भरत राहील याची हमी कोणी दिली आहे, हे विचारल्यावाचून सहीसाठी लेखणी उचलू नये. एवढा एकच मुद्दा आम्हांस आज सांगावयाचा आहे.

प्रथम त्या प्रदेशाचा स्वभाव पाहू. कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोऱ्यात वर्षाला पाऊस पडतो तो जेमतेम तीन इंच. आपल्या कोकणात आषाढात एखाद्या दिवशीच त्याहून अधिक पडतो! अशा भूमीत जे पाणी दिसते ते बहुतेक सर्व कोलोरॅडो या एकाच नदीचे असते. या नदीचे खोरे सात राज्यांत पसरलेले असून ती पुढे मेक्सिकोच्या हद्दीत शिरते. १९२२ साली या सात राज्यांत करार होऊन नदीच्या वरच्या व खालच्या खोऱ्यांस प्रत्येकी ७५ लाख एकरफूट पाणी वाटून देण्यात आले. एक एकर क्षेत्रावर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकरफूट. लिटरच्या हिशेबाने ते सुमारे सव्वाबारा लाख लिटर भरते. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकरफूट देण्याचे ठरले. अशा प्रकारे कागदावर १६५ लाख एकरफुटांची वाटणी झाली. परंतु करारापूर्वीची जी वर्षे हिशेबात धरली गेली ती नेमकी अधिक पावसाची होती. चालू शतकात नदीचे नैसर्गिक पाणी सरासरीने सव्वाशे लाख एकरफुटांच्या आसपास राहिले आहे. घरात येणाऱ्या मिळकतीहून वाटण्या अधिक झाल्या तर त्या कुटुंबाचे काय होते, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

आता या एकाच नदीच्या पाण्यावर उभ्या असलेल्या तीन तळ्यांचा वृत्तांत पाहू. तिन्ही ठिकाणी काठावर भूखंड विकले गेले आणि घरे झाली. परंतु तिन्हींचे दैव निरनिराळे ठरले. कारण पाण्याचा धनी तिन्ही ठिकाणी निरनिराळा होता.

पहिले तळे कॅलिफोर्नियातील सॉल्टन सी. हे तळे कोणी योजून बांधलेले नाही. समुद्रसपाटीहून दोनशे फुटांपेक्षा अधिक खोल असलेल्या एका खारट खळग्यात, १९०५ साली कोलोरॅडो नदीने कालव्याचे तोंड फोडून प्रवेश केला. सुमारे दोन वर्षे नदीचे पाणी तेथे ओतत राहिले. अखेर १९०७ च्या फेब्रुवारीत सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने दगडांचे डबेच्या डबे रिचवून ते भगदाड बुजविले. तोपर्यंत शेकडो चौरस मैलांचे तळे निर्माण झाले होते. त्यास बाहेर जाण्याची वाट नव्हती आणि आत येणारी स्वतःची नदीही उरली नव्हती. पुढील काळात ते टिकले ते आसपासच्या शेतांतून निथळून येणाऱ्या सांडपाण्यावर.

१९५८ साली एम. पेन फिलिप्स या विकासकाने या तळ्याच्या पश्चिम काठी सॉल्टन सिटी नावाचे नगर आखले. रस्ते पाडले, त्यांना मोहक नावे दिली, पाण्याचे नळ टाकले, नौकांसाठी धक्का बांधला. दूरदूरची माणसे येऊन भूखंड घेऊ लागली. काहींनी तर न पाहताच घेतले. दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, फिलिप्सने आपला व्यवहार आटोपता घेतला. रस्ते राहिले, घरे फारशी झाली नाहीत. २०१० च्या जनगणनेत त्या नगराची लोकसंख्या ३,७६३ इतकी भरली, आणि मैलोगणती आखलेले रस्ते बव्हंशी रिकामेच होते.

या तळ्याचा पुढील इतिहास विशेष मनन करण्याजोगा आहे. आधी पाणी वाढले. १९७६ व १९७७ सालच्या वादळी पावसाने व शेतांतून येणाऱ्या पाण्याने तळे चढले आणि काठावरील घरे, उपाहारगृहे व धक्के पाण्याखाली गेले. पूर्व काठावर बॉम्बे बीच नावाची एक वसाहत आहे. आपल्या मुंबईचे नाव धारण करणाऱ्या त्या वस्तीचा खालचा भागही बुडाला आणि उरलेल्या घरांसाठी बांध घालावा लागला. त्यानंतर पाणी उतरू लागले. वाट नसलेल्या तळ्यातून केवळ बाष्पच उडते, क्षार मागेच राहतात. त्यामुळे पाणी समुद्राहून अधिक खारट झाले. १९९६ साली हजारो पाणकोळी पक्षी रोगाने मेले. १९९९ साली लाखो मासे काठावर येऊन पडले. शेवटी २००३ मध्ये एक करार होऊन इम्पीरियल खोऱ्यातील शेतीचे पाणी सॅन डिएगो शहराकडे वळविण्यास प्रारंभ झाला. तळ्याची हानी भरून काढण्यासाठी काही वर्षे त्यात पाणी सोडले जात असे. तेही २०१७ च्या अखेरीस बंद झाले. आता पाणी मागे हटत आहे, उघडा पडलेला तळ वाऱ्याबरोबर उडत आहे, आणि त्या धुळीत शेतांतील औषधांचा व विषारी धातूंचा अंश आहे. आसपासच्या मुलांत दम्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्यांची घरे एके काळी पाण्याने बुडविली, त्यांच्याच शेजाऱ्यांची घरे आज पाण्यावाचून ओस पडत आहेत.

यात दोष कोणाचा? शेतकऱ्याने पाणी जपून वापरणे हा गुण आहे. शहराने ते मोल देऊन घेणे हाही अन्याय नव्हे. परंतु त्या तळ्यात पाणी राहावे असा हक्क भूखंड घेणाऱ्यांपैकी कोणाच्याही खरेदीखतात लिहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या शेतातून निथळणाऱ्या पाण्याच्या भरवशावर त्यांनी आपले घर मांडले होते. अलीकडे त्याच भागात भूगर्भातील उष्ण खारट पाण्यातून लिथियम काढण्याच्या योजना निघाल्या आहेत आणि भूखंडांचे दलाल पुन्हा बोलू लागले आहेत. लिथियम निघो वा न निघो, त्याने तळे भरणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरे तळे ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया यांच्या सीमेवरील लेक हवासू. हे धरणाचे तळे आहे. पार्कर धरण १९३८ साली पुरे झाले आणि त्यामागे हे जलाशय उभे राहिले. येथील चेमेह्युएवी या आदिवासी जमातीची नदीकाठची सुपीक जमीन त्याखाली गेली, याचाही उल्लेख केला पाहिजे; धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको. १९६३ साली रॉबर्ट मॅकलक या कारखानदाराने पूर्व काठी मोठी जमीन घेऊन नगर वसविण्यास आरंभ केला. संभाव्य गिऱ्हाइकांना तो स्वतःच्या विमानांतून फुकट आणून जमीन दाखवीत असे. १९६८ साली त्याने लंडनचा जुना पूल २४ लाख ६० हजार डॉलर्सना विकत घेतला, त्याचे दगड सुटे करून आणले आणि कोरड्या जमिनीवर पूल उभारून मग त्याखालून पाणी खेळविले. १९७१ साली त्याचे उद्‌घाटन झाले. लोक हसले, परंतु नगर वसले. २०२० च्या जनगणनेत तेथे सत्तावन्न हजारांवर वस्ती होती.

सॉल्टन सिटी उजाड राहिली आणि हवासू वसले, याचे कारण केवळ पूल नव्हे. हवासूच्या जलाशयातूनच लॉस एंजेलिसकडे आणि फीनिक्स-टूसॉनकडे जाणारे प्रचंड कालवे पाणी उपसतात. ते पंप चालावेत म्हणून त्या जलाशयाची पातळी अत्यंत काटेकोरपणे राखली जाते. वरचे लेक मीड २०२२ च्या जुलैत, १९३७ साली ते भरत होते त्या वेळेनंतरच्या नीचांकास गेले, तरी हवासूचे पाणी काठास टेकून होते. येथील तळ्यास बलिष्ठ पालक लाभले आहेत.

तथापि डोळ्यांस दिसणारे पाणी आणि नळास येणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९६८ च्या कायद्याने ॲरिझोनाने आपला मोठा कालवा मिळविण्याच्या बदल्यात, टंचाईच्या काळी कॅलिफोर्नियाच्या मागे उभे राहण्याचे मान्य केले. हवासू शहराचा हक्कही याच कनिष्ठ पायरीवरचा आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नदीवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली तेव्हा पुढील वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यातून सुमारे १८ टक्के कपात झाली. शिवाय २००७ साली ठरविलेले टंचाईच्या वाटणीचे नियम २०२६ च्या अखेरपर्यंतचेच होत. म्हणून तेथे घर घेणाऱ्याने तळ्याचे सौंदर्य पाहण्याआधी त्या शहराच्या पाणीखात्याचा अहवाल वाचावा. उष्म्याविषयीही एक वाक्य पुरे आहे: १९९४ च्या २९ जूनला तेथे १२८ अंश फॅरेनहाइट तपमान नोंदले गेले, आणि तो ॲरिझोना राज्यातील उच्चांक आहे.

तिसरे तळे नेवाडातील लेक लास वेगस. लास वेगसनजीक हेंडरसन शहराच्या हद्दीत, एका ओढ्याच्या दरीत बांध घालून हे ३२० एकरांचे तळे १९९० च्या सुमारास खास श्रीमंतांच्या वसाहतीसाठी निर्माण केले गेले. गंमत अशी की, त्या दरीचा मूळ ओढा, ज्यातून लास वेगसचे शुद्ध केलेले सांडपाणी वाहते, तो तळ्याच्या तळाखालून मोठ्या नळांतून पुढे काढून दिला आहे. वरचे पाणी निराळे. त्या प्रदेशात उघड्या जलाशयातून वर्षाला सहा फुटांहून अधिक पाणी वाफ होऊन उडते. ३२० एकरांवर याचा हिशेब केला तर सालीना १,९०० एकरफुटांच्या पुढे जातो. तेवढे पाणी दरवर्षी मोल देऊन भरावे लागते. २००८ च्या जुलैत या वसाहतीचा विकासक दिवाळखोरीत गेला. २०१० मध्ये तेथील रिट्झ-कार्लटन हॉटेल बंद झाले. गोल्फची मैदाने बंद पडली. त्यांतील एक पुढे पुन्हा चालू झाले. घरांच्या किमती कोसळल्या. तळे मात्र आटले नाही. वसाहत नंतर सावरली. हे तळे खाजगी असल्याने त्याचे पालकत्व तेथील धनी व घरमालक यांच्याकडेच येते. जे आपले ते आपणच सांभाळावयाचे, हे तत्त्व चांगलेच आहे. फक्त त्याचा मासिक आकडा खरेदीपूर्वी ठाऊक असला पाहिजे.

एक तळे निराधार, दुसरे बलिष्ठ पालकांचे, तिसरे स्वखर्चाचे. आपल्या मुलांनी एखादे तळे दाखविले की ते या तिहींपैकी कोणत्या जातीचे, हे प्रथम ठरवावे. त्यानंतर विचारावयाचे प्रश्न आम्ही क्रमाने सांगतो. घरी जाऊन ते कागदावर उतरून घ्यावेत.

पहिला प्रश्न, घराच्या नळास पाणी कोण देते? शहर, खाजगी कंपनी, विहीर, की टँकर? ॲरिझोनातील स्कॉट्सडेल शहरालगत रिओ व्हर्डे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. तेथे शेकडो घरे टँकरच्या पाण्यावर चालत असत. शहराने स्वतःच्या टंचाईमुळे २०२३ च्या १ जानेवारीपासून तो पुरवठा बंद केला. लाखो डॉलर्सच्या घरांतील माणसांवर पावसाचे पाणी बादल्यांत धरण्याची वेळ आली. ॲरिझोनाच्या १९८० च्या कायद्याने फीनिक्ससारख्या नियंत्रित क्षेत्रांत नव्या वसाहतीस शंभर वर्षांच्या पाण्याची शाश्वती दाखवावी लागते; पण सहाहून कमी तुकडे पाडले तर ते बंधन लागत नाही, आणि ती वस्ती अशाच तुकड्यांतून वाढली होती. नियंत्रित क्षेत्राबाहेर पाणी अपुरे असल्याची सूचना पहिल्या खरेदीदारास द्यावी लागते. त्याच्याकडून घेणाऱ्या दुसऱ्यास ती मिळेलच असे नाही. सबब ती आपणच मागावी.

दुसरा प्रश्न, जमीन विकत मिळते की भाडेपट्ट्याने? आपण सात-बारा पाहिल्यावाचून जमिनीस हात लावत नाही. तीच सावधगिरी तेथेही हवी. पाम स्प्रिंग्ज परिसरात पुष्कळ घरे आगवा कालियेंते जमातीच्या जमिनीवर पट्ट्याने उभी आहेत. पट्ट्याने घेणे वाईट नव्हे. पण मुदत किती उरली आहे यावर किंमत ठरावी. मालकी हक्काचा विमा घेतल्यावाचून खरेदी पुरी करू नये.

तिसरा प्रश्न, काठ कोणाचा? जलाशयाजवळचे घर म्हणजे जलाशयावरचे घर नव्हे. हवासूच्या काठाचा बराच भाग सार्वजनिक उद्यानांत व सरकारी जमिनीत मोडतो. लेक मीडचा सारा परिसर राष्ट्रीय विहारक्षेत्र आहे. आपल्या अंगणातून नाव पाण्यात लोटता येईल, असे गृहीत धरू नये.

चौथा प्रश्न, घरमालक संघाचे हिशेब कसे आहेत? मासिक वर्गणी किती, राखीव निधी किती, बांध व पंप यांच्या दुरुस्तीसाठी जादा पट्टी बसण्याचा संभव आहे काय, हे संघाच्या कागदपत्रांवरून कळते. त्यासाठी एक दिवस खर्ची घालावा.

पाचवे, घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे. जाहिराती हिवाळ्यातल्या असतात. वारा कोणत्या दिशेने येतो, वास येतो काय, जवळचे रुग्णालय किती मैलांवर आहे, दुपारी दोन वाजता रस्त्यावर कोणी दिसते काय, हे डोळ्यांनी पाहावे. दुरून डोंगर साजरे, तशी तळीही दुरून साजरी. न पाहता जमीन घेण्याच्या नादात त्या देशात इतके लोक नागवले गेले की, १९६८ साली तेथील काँग्रेसला आंतरराज्य भूखंडविक्रीचा कायदा करावा लागला. त्या कायद्याखाली येणाऱ्या व्यवहारात विकासकाने लेखी अहवाल द्यावयाचा असतो आणि घेणाऱ्यास सात दिवसांत करार मोडता येतो. हे सात दिवस वाया दवडू नयेत.

आता ज्येष्ठांसाठी दोन शब्द. भारतातील रहिवाशास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर्सपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. घरासाठी तसेच मुलास बक्षीस म्हणूनही ती देता येते. ती रीतसर बँकेतूनच पाठवावी. वडिलांचे नाव तेथील मालमत्तेस लागले तर ती मालमत्ता येथील प्राप्तिकर विवरणात दरवर्षी दाखवावी लागते; न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याचा बडगा मोठा आहे. शिवाय अमेरिकेत न राहणाऱ्या परकीयाच्या निधनानंतर तेथील मालमत्तेवर वारसाकर बसतो आणि त्यातील सूट केवळ साठ हजार डॉलर्सची आहे. परकीयाने घर विकले तर सर्वसाधारणपणे विक्रीच्या रकमेतून पंधरा टक्के कापून ठेवले जातात. तेव्हा मायेपोटी दस्तऐवजावर आई-वडिलांची नावे घालण्यापूर्वी दोन्ही देशांतील कर जाणणाऱ्या सल्लागारास विचारावे.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी गावे वसविली तेव्हा आधी विहिरीस पाणी लागले, मग घराचा पाया खणला गेला. जाहिरातीच्या युगात हा क्रम उलटा झाला आहे. तो पुन्हा सुलटा करणे आपल्या हाती आहे. आपल्या मुलांनी तेथे अवश्य घरे घ्यावीत, नातवंडांनी तळ्यात अवश्य पोहावे. परंतु वडीलधाऱ्यांनी पैसे पाठविण्यापूर्वी प्रेमाने एकच प्रश्न विचारावा: बाळ, हे पाणी कोणाचे? त्याचे उत्तर कागदावर आले तर आशीर्वाद द्यावा; नुसते तोंडी आले तर थांबावे. अशा थांबण्याने कोणाचे घर मोडत नाही.

 ज्ञातीतील जाणकार वकील, हिशेबतपासनीस व परदेशस्थ बांधव यांची एक लहानशी सल्लागार समिती मंडळाने नेमावी, अशी नम्र सूचना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.